मशीन मेंटेनन्स शिकताना: प्रवेशापासून पहिल्या स्वतंत्र दुरुस्तीपर्यंत

शिकाऊ म्हणून लागल्यावर सहाव्या महिन्यात एका ब्लोअरच्या मोटरचं बेअरिंग मी सात आठवड्यांत तीनदा बदललं. प्रत्येक वेळी नवं बेअरिंग, नवं ग्रीस, व्यवस्थित बसवणी. आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा तीच घरघर. तिसऱ्या वेळी आमचे हेड फिटर आले. बेअरिंगकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मोटरच्या पायावर डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मोजमापाचं साधन) लावला आणि त्या पायाचा बोल्ट सैल केला. काटा ०.३५ मिलिमीटर सरकला. चारपैकी एक पाय बेसला टेकतच नव्हता. बोल्ट आवळला की मोटरचं अंग पिळलं जायचं आणि त्याचा सगळा ताण बेअरिंगवर यायचा. त्यांनी त्या पायाखाली मापाची शिम (धातूची पातळ पट्टी) घातली, अलाइनमेंट करून घेतलं, म्हणजे मोटर आणि ब्लोअरचे शाफ्ट एका रेषेत आणले, आणि मला म्हणाले, "बेअरिंग मरतंय ते तुला दिसलं. मारतंय कोण, ते शोध."

मशीन मेंटेनन्समध्ये करिअर करायचं ठरवलं असेल तर हे वाक्य आधी ऐकून ठेवा. पार्ट बदलणं काही आठवड्यांत जमतं. कारण शोधता येण्यासाठी मात्र काही गोष्टी ठरावीक क्रमाने शिकाव्या लागतात, आणि तो क्रम मला कुणी सांगितला नव्हता. म्हणून हे लिहितो आहे.

१. शिकण्याची वाट निवडा

नावं जागोजागी वेगळी असली तरी वाटा तीनच आहेत. एक, व्यावसायिक प्रशिक्षण संस्थेतला फिटर, मशीन मेंटेनन्स किंवा मेकॅट्रॉनिक्सचा कोर्स. दोन, अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात पगारावर किंवा विद्यावेतनावर काम आणि सोबत थिअरी. तीन, हेल्पर म्हणून लागून काम बघत बघत वर जाणं.

शक्य असेल तर अप्रेंटिसशिप घ्या. वर्गात पंप नेहमी स्वच्छ असतो आणि बिघाड शिक्षकांनी मुद्दाम केलेला असतो. कारखान्यात तोच पंप तेलाने माखलेला असतो, उत्पादन थांबलेलं असतं आणि चार जण तुमच्या मागे उभे असतात. या दोन्ही गोष्टी एकाच काळात अनुभवल्या की शिकलेलं पक्कं होतं. हेल्परच्या वाटेने गेलेले उत्तम फिटर मी पाहिले आहेत, पण त्यांना ड्रॉइंग आणि वीज या दोन विषयांत नंतर फार झगडावं लागलं. त्या वाटेने जाणार असाल तर पहिल्या वर्षापासून हे दोन विषय बाहेर शिकत राहा.

कोर्सला पैसे भरण्याआधी संस्थेत जाऊन वर्कशॉप प्रत्यक्ष पाहा आणि विचारा: आठवड्यात प्रॅक्टिकलचे तास किती? एका मशीनवर किती विद्यार्थी? शिकवणाऱ्यांनी स्वतः कारखान्यात काम केलं आहे का? प्रमाणपत्र कोणत्या सरकारी किंवा उद्योगाच्या मंडळाकडून मिळतं? शेवटच्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं तर तिथून निघा. चकचकीत रोबोट दाखवणाऱ्या एका संस्थेत मी जवळजवळ पैसे भरले होते. त्या रोबोटला विद्यार्थ्यांना हात लावू देत नाहीत, हे तिथल्याच एका मुलाने सांगितलं.

कागदपत्रं एका फाइलमध्ये ठेवा, प्रत्येकाच्या दोन प्रती:

- शालेय गुणपत्रिका आणि सोडल्याचा दाखला. गणित आणि विज्ञानाचे गुण बघितले जातात.
- ओळखपत्र आणि फोटो.
- वैद्यकीय तपासणीचा दाखला. रंग ओळखण्याची चाचणी अर्ज करण्याआधीच करून घ्या, कारण वायरिंगच्या कामात तिच्यावर बरंच अवलंबून असतं.
- आधी कुठे काम केलं असेल तर तिथलं पत्र, कितीही लहान असलं तरी.

२. कुलूप लावायला शिका, मग पाना हातात घ्या

या पायरीवर घाई करणाऱ्याबरोबर मी काम करत नाही.

स्टॉपचं बटण दाबलं म्हणजे मशीन सुरक्षित झालं असं नाही. इमर्जन्सी स्टॉपसुद्धा फक्त कंट्रोल तोडतो. मेन सप्लाय वरपर्यंत आलेलाच असतो. काम करायचं तर मेन आयसोलेटर (सप्लाय तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, नावाचा टॅग अडकवायचा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. चार जण काम करत असतील तर चार कुलपं. दुसऱ्याचं कुलूप आपल्यासाठी पुरेसं नसतं, कारण त्याचं काम संपलं की तो ते काढणार.

त्यानंतर मशीनमध्ये साठलेली ताकद सोडायची. दाबलेली स्प्रिंग, हवेची टाकी, हायड्रॉलिक ॲक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारं भांडं), वर अडकलेला प्रेसचा रॅम, ड्राइव्हमधले (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रातले) वीज साठवणारे कपॅसिटर. ड्राइव्हचा सप्लाय तोडल्यावरही आतला डीसी व्होल्टेज काही मिनिटं टिकतो. किती वेळ थांबायचं ते त्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. तेवढा वेळ थांबा आणि मग मीटरने मोजा. वर राहिलेल्या भागाला लाकडाचा किंवा लोखंडाचा टेकू द्या. फक्त हवेच्या किंवा तेलाच्या दाबावर तोललेल्या वजनाखाली हात घालू नका.

सप्लाय गेल्याची खात्री तीन टप्प्यांत होते. आधी चालू असलेल्या सप्लायवर मीटर तपासा, मग आपल्या जागी मोजा, मग पुन्हा चालू सप्लायवर मीटर तपासा. मधल्या मोजणीत शून्य आलं ते मीटरच बंद पडल्यामुळे तर नाही ना, हे तिसऱ्या टप्प्यात कळतं.

हायड्रॉलिकची बारीक गळती बोटाने शोधू नका. सुईएवढ्या छिद्रातून येणारं तेल कातडी भेदून आत जातं. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण तासाभरात हात धोक्यात येऊ शकतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून गळती शोधा. तेल आत गेल्याची शंका जरी आली तरी लगेच हॉस्पिटल गाठा आणि तिथे 'दाबाने तेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगा, नाहीतर मलमपट्टी करून परत पाठवतील.

हातमोजे, अंगठी आणि सैल बाही फिरत्या शाफ्टजवळ नको.

३. मोजायला शिका

व्हर्नियरने साधारण ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता येतं, मायक्रोमीटरने ०.०१ पर्यंत. बेअरिंगची बैठक तपासायची तर मायक्रोमीटर लागतो. व्हर्नियरवर 'बरोबर आहे' म्हणून बसवलेलं बेअरिंग शाफ्टवर सरकलेलं मी पाहिलं आहे.

तीन सवयी लावून घ्या. मोजण्याआधी शून्य तपासायचं. एकच माप तीन ठिकाणी आणि आडवं-उभं घ्यायचं, कारण झिजलेला शाफ्ट गोल राहिलेला नसतो. आणि गरम वस्तू मोजायची नाही. पोलादाचं एक मीटर लांबीचं माप तापमान एका अंशाने वाढलं की सुमारे ०.०१२ मिलिमीटरने वाढतं. म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट ५० अंशांनी जास्त तापलेला असेल तर ०.०६ मिलिमीटर मोठा दिसेल. बेअरिंगच्या फिटिंगमध्ये हा फरक फार मोठा आहे.

ड्रॉइंग वाचायला याच काळात शिका. रोज एक सुटा भाग हातात घेऊन त्याची तीन दृश्यं कागदावर काढा. दोन महिन्यांत डोळा तयार होतो.

४. हाताला वळण लावा

कानस, हॅकसॉ, ड्रिल, टॅप (भोकात आटे पाडणारं हत्यार). कानस मारणं कंटाळवाणं वाटतं आणि आता याची काय गरज असंही वाटतं. तरी करा. चावी, म्हणजे शाफ्ट आणि पुली एकत्र फिरवणारी लोखंडी पट्टी, शाफ्टच्या खाचेत बसवताना किती दाबावर किती धातू निघतो हे ज्याच्या हाताला माहीत आहे, त्याचीच चावी खेळ न राहता बसते.

आट्यांची थोडी मापं पाठ असू द्या: एम ८, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टच्या आट्यांसाठी, ६.८ मिलिमीटरचं भोक, एम १० साठी ८.५, एम १२ साठी १०.२. टॅप अर्धा फेरा पुढे नेला की थोडा मागे घ्यायचा, म्हणजे चिप तुटते. टॅप मोडून आत अडकला तर तो काढण्यात अख्खी शिफ्ट जाते.

बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचायची सवय लावा. ८.८ म्हणजे तो सुमारे ८०० मेगापास्कल ताणाला तुटतो आणि त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचा ताणला जायला लागतो. १०.९ चा बोल्ट काढून डब्यात सापडलेला कोणताही बोल्ट लावणं ही नव्या मुलांची नेहमीची चूक. मशीन त्या वेळी चालतं, म्हणून चूक लक्षातच येत नाही.

५. बेअरिंग, वंगण, अलाइनमेंट

फिरणाऱ्या मशीनचे जे बिघाड तुमच्याकडे येतील, त्यांतले पुष्कळसे या तीन गोष्टींपाशी येऊन थांबतील. इथे वेळ द्या.

बेअरिंगचा नंबर वाचता आला पाहिजे. ६२०५ घ्या. पहिला ६ म्हणजे डीप ग्रूव्ह बॉल बेअरिंग, २ ही त्याची सीरिज, आणि शेवटच्या ०५ ला पाचाने गुणलं की आतला व्यास, २५ मिलिमीटर. हा हिशेब ०४ पासून पुढे चालतो. त्याआधीचे चार लक्षात ठेवायचे: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. नंबरामागचं सी३ हे अक्षर विसरू नका. त्या बेअरिंगमध्ये आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त असते. गरम चालणाऱ्या मोटरमधून सी३ काढून साधं बसवलं, तर तापल्यावर ते आतून आवळलं जातं.

बसवताना एकच नियम: जी रिंग घट्ट बसते तिच्यावरच जोर द्या. शाफ्टवर घट्ट असेल तर आतल्या रिंगवर, हाउसिंगमध्ये (बेअरिंग ज्यात बसतं त्या घरात) घट्ट असेल तर बाहेरच्या. उलट केलंत तर जोर गोळ्यांमधून जातो आणि रेसवर (गोळ्या जिच्यावर फिरतात त्या खाचेवर) बारीक खड्डे पडतात. बेअरिंग नवं असतानाच निकामी झालेलं असतं. गरम करून बसवायचं असेल तर इंडक्शन हीटरवर साधारण ११० अंशांपर्यंत, १२० च्या वर नको. गॅसची ज्योत कधीच नको. सीलबंद बेअरिंग तेलात तापवू नका.

ग्रीस जास्त म्हणजे चांगलं, हा समज मोडायला मला वर्ष लागलं. बेअरिंगमधली मोकळी जागा साधारण एक तृतीयांश ते निम्मी भरली की पुरे. गच्च भरलं तर ग्रीस घुसळलं जाऊन तापतं, पातळ होतं आणि सील ढकलून बाहेर येतं. दोन वेगळ्या प्रकारची ग्रीस एकत्र करू नका. लिथियम आणि पॉलियुरिया यांचं बहुधा जमत नाही. मिश्रण पातळ होऊन वाहून जातं. ग्रीस गनवर आत काय आहे ते रंगाने लिहून ठेवा. तेलाच्या डब्यावरचा व्हीजी ४६ किंवा व्हीजी ६८ हा आकडा म्हणजे ४० अंशांना असणारा त्याचा घट्टपणा. 'जवळचा आकडा आहे, चालेल' असं स्वतःच ठरवू नका. मशीनच्या पुस्तकात बघा.

अलाइनमेंट करताना सगळ्यात आधी सॉफ्ट फूट, म्हणजे बेसला नीट न टेकणारा पाय, तपासा. प्रत्येक पायाचा बोल्ट एकेक करून सैल करा आणि डायल गेजवर हालचाल बघा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त आली तर शिम. एका पायाखाली पातळ पातळ सात-आठ शिम घालू नका, त्या स्प्रिंगसारख्या दबतात. जाड एक-दोन घ्या. मग कपलिंगवर (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागावर) डायल लावून पूर्ण फेरा फिरवा. इथे जवळजवळ प्रत्येक जण फसतो: कपलिंगच्या कडेवर वर-खाली मिळून जो फरक दिसतो, त्याच्या निम्मा म्हणजे खरा ऑफसेट, दोन शाफ्टमधला वर-खाली फरक. ०.४० दिसलं तर शिम ०.२० ची. लेझरवर शिकायला मिळालं तर जरूर शिका, पण आधी डायलवर दहा वेळा करा. लेझर आकडा देतो. तो आकडा खरा वाटतो की नाही हे तुम्हाला कळायला हवं.

आणि काढलेलं बेअरिंग फेकू नका. कापून उघडा. रेसवरचा माग रिंगभर सारखा आहे की तिरका? तिरका असेल तर अलाइनमेंट किंवा वाकलेला शाफ्ट. ठरावीक अंतरावर गोळ्यांच्या मापाचे खड्डे असतील तर बसवताना ठोकलं आहे. धुण्याच्या फळीसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटरमध्ये बेअरिंगमधून करंट जातो आहे. माझ्या त्या तीन बेअरिंगांपैकी एक जरी मी कापून बघितलं असतं, तर उत्तर आतच होतं.

६. वीज आणि कंट्रोल

'मी मेकॅनिकल, वीज माझा विषय नाही' हे आता चालत नाही. निदान एवढं आलं पाहिजे: काँटॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच), ओव्हरलोड (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा रिले) आणि टाइमर यांचं साधं सर्किट वाचणं, मीटर आणि क्लॅम्प मीटर वापरणं, मोटरची पाटी समजणं. चार पोलच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० आणि ६० हर्ट्झवर १८०० फेऱ्यांनी फिरतं. रोटर त्याच्या थोडा मागे असतो, म्हणून ५० हर्ट्झच्या मोटरच्या पाटीवर १४४० च्या आसपासचा आकडा दिसतो.

ओव्हरलोड वारंवार ट्रिप होतो म्हणून त्याचं सेटिंग वाढवणं हा मोठा सापळा आहे. ट्रिप होणं ही तक्रार आहे, ती ऐका. तिन्ही फेजचा करंट मोजा. एक फेज गेली असेल तर चालती मोटर थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर जास्त करंट घेऊन गुरगुरत चालते आणि जळते. तिन्ही सारख्या पण जास्त असतील तर बिघाड मोटरच्या पुढे, म्हणजे लोडमध्ये शोधा.

मेगर (जास्त व्होल्टेज देऊन वायरचं इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावण्याआधी ड्राइव्हच्या वायर सोडवा, नाहीतर मेगरच्या व्होल्टेजने ड्राइव्ह जाईल.

सेन्सरमध्ये ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल सगळीकडे भेटेल. तो शून्याऐवजी ४ पासून का सुरू होतो? कारण मग शून्य आलं की वायर तुटली हे लगेच समजतं. पीएलसी, म्हणजे प्रोग्रामप्रमाणे मशीन चालवणारा कंट्रोलर, शेवटी शिका. प्रोग्राम लिहिता नाही आला तरी चालेल, पण इनपुटचे दिवे बघून कोणता सेन्सर आला नाही हे सांगता आलं पाहिजे. प्रोग्राम सहसा बिघडत नाही. चिखल बसलेला प्रॉक्सिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की ओळखणारा) बिघडतो.

७. हवा आणि तेल

न्यूमॅटिक्सचा, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रणेचा, अंदाज एका हिशेबाने येतो: ५० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरला ६ बार हवा दिली की जवळजवळ १२० किलोचा जोर मिळतो. बोट चिरडायला तेवढा खूप झाला.

हायड्रॉलिकमध्ये पंप प्रवाह देतो, दाब अडथळ्यामुळे तयार होतो. हे समजलं की 'दाब येत नाही, पंप बदला' असं तुम्ही म्हणणार नाही. आधी तेल कुठून निसटतं आहे ते बघाल. पंप खडे भरल्यासारखा वाजत असेल तर सक्शनचा गाळणा, तेलाची पातळी आणि हवा ओढणारा जॉइंट तपासा. दाबाचा गेज न लावता रिलीफ व्हॉल्व्हचा (दाब मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हचा) स्क्रू फिरवू नका.

८. बिघाड शोधण्याची पद्धत बसवा

पहिलं काम: ऑपरेटरशी बोला. तो त्या मशीनबरोबर रोज आठ तास असतो. 'काय झालं?' एवढंच विचारू नका. आवाज आधी आला की वास? एकदम बंद पडलं की हळूहळू? थांबण्याआधी कुणी काही बदललं का?

शेवटच्या प्रश्नाला फार वजन आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एका विमान कंपनीतल्या अभियंत्यांनी १९७८ साली दिलेल्या अहवालात, विमानाच्या ६८ टक्के भागांमध्ये बिघाडाची शक्यता भाग बसवल्यानंतर लगेच सर्वांत जास्त आणि पुढे कमी होऊन स्थिर, असं आढळलं होतं. तुमचं मशीन विमान नाही, पण काल दुरुस्त झालेलं मशीन आज बंद पडलं तर कालच्या कामापासूनच सुरुवात करा. आणि धड चालणारं मशीन 'बघू जरा' म्हणून उघडू नका.

दुसरं, साखळी मधोमध तोडा. सिग्नल सेन्सरपासून मोटरपर्यंत दहा ठिकाणांतून जात असेल तर पाचव्या ठिकाणी मोजा. तिथे बरोबर असेल तर पुढे शोधा, नसेल तर मागे.

तिसरं, एका वेळी एकच बदल. घाईत तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चाललं, तर कारण कोणतं होतं हे कधीच कळणार नाही, आणि महिन्याभराने ते परत येईल.

९. वही ठेवा आणि नोकरीची चाचणी द्या

प्रत्येक काम लिहा: तारीख, मशीन, लक्षण, काय मोजलं, कारण काय निघालं, काय केलं. उघडण्याआधी फोटो काढा, वायरना नंबर लावा, जुळणाऱ्या भागांवर पंचने खूण करा. ही वही मुलाखतीला घेऊन जा. माझ्या दुसऱ्या नोकरीत साहेबांनी प्रमाणपत्र बाजूला ठेवलं आणि वीस मिनिटं वहीच चाळली.

स्वतःची हत्यारं हळूहळू जमवा. सुरुवातीला ओपन आणि रिंग पान्यांचा सेट, एलन की, सर्क्लिप पक्कड आतली आणि बाहेरची, फीलर गेज, व्हर्नियर, चांगला मल्टिमीटर, टॉर्च आणि स्वतःचं कुलूप. मल्टिमीटरवर कॅटेगरी तीन आणि पुरेसा व्होल्टेज लिहिलेला हवा. स्वस्त मीटरने औद्योगिक पॅनेलमध्ये मोजणं जिवावर बेतू शकतं.

प्रॅक्टिकल चाचणीत बहुधा बेअरिंग बसवणं, कपलिंग अलाइन करणं किंवा मुद्दाम बिघडवलेलं स्टार्टर सर्किट देतात. वेळ कमी असतो, तरी आधी कुलूप लावा आणि ते का लावताय ते बोला. परीक्षक तिथेच निम्मं ठरवतात. अडलं तर 'मला माहीत नाही, मी आधी हे मोजेन' असं सांगा.

१०. मशीन परत देताना

पहिली स्वतंत्र दुरुस्ती पूर्ण झाली की पळू नका. हत्यारं मोजा, एक पाना कमी असेल तर तो मशीनमध्ये आहे असंच समजा. शाफ्ट हाताने दोन फेरे फिरवा. गार्ड सगळ्या बोल्टसह लावा. सगळे जण बाहेर आले आहेत हे डोळ्यांनी बघा, आपलं कुलूप स्वतः काढा. मोटरच्या वायर सोडवल्या असतील तर क्षणभर चालू करून दिशा तपासा. मग ऑपरेटरला बोलवून त्याच्यासमोर मशीन सुरू करा आणि अर्धा तास तिथेच थांबा: करंट मोजा, बेअरिंगचं तापमान दर दहा मिनिटांनी लिहा. तापमान चढून स्थिर झालं तर सही घ्या. चढतच राहिलं तर बंद करा आणि पुन्हा कुलूप लावा.